सोफा आमचा नव्हता

सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात बसायला जागा नसते, हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने प्रोफेसरच्या घरी एकदा जाऊन यावं. पुढे दुकान, मागे एक लांबट खोली आणि तिच्या टोकाला स्वयंपाकघर. दुकानात मावलं नाही ते सगळं त्या मधल्या खोलीत येऊन पडायचं. दातांच्या डॉक्टरांची आरामखुर्ची, कुणाच्या तरी आजोबांचा कंबर मोडलेला दिवाण, पाय वर करून उलट्या पडलेल्या जेवणाच्या खुर्च्या. त्यांच्यातून अंग चोरत, वाट काढत ही तीन माणसं राहायची. स्वतःसाठी त्यांच्याकडे लाकडी स्टुलं होती, तीही डुगडुगणारी. गिऱ्हाइकाच्या वस्तूवर बूड टेकायचं नाही, हा बाबांचा नियम होता. अंगात ताप असला तरी नाही आणि दुकानात चिटपाखरू नसलं तरी नाही.

प्रोफेसर हे अर्थातच टोपणनाव. पाच वर्षांची असताना तिने एका फाटक्या सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला, आतल्या स्प्रिंगा चाचपून मोजल्या आणि एक कमी आहे म्हणून सांगितलं. बाबांच्या तोंडात त्या वेळी खिळे होते. मूठभर बारीक खिळे ओठांत धरायचे, एकेक जिभेने पुढे आणायचा आणि हातोडी मारायची, अशी त्यांची कामाची रीत. त्यामुळे अर्धा दिवस ते हुंकारावरच भागवायचे. पण तेव्हा त्यांनी सगळे खिळे तळहातावर काढले, स्वतः मोजून बघितलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपल्याकडे प्रोफेसर जन्माला आलीय!" झालं. तेव्हापासून गल्ली तिला त्याच नावाने ओळखते.

आता प्रोफेसर सतरा वर्षांची होती. शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि डोक्यात गणिताशिवाय काही नव्हतं. बाबांचं कापड बेतून झालं की ती त्याच टेबलावर वही उघडून बसायची, आणि आईने तीनदा हाक मारल्याशिवाय मान वर करायची नाही. मोठ्या शहरातल्या एका चांगल्या कॉलेजने तिला गणितासाठी घेतलंसुद्धा. घरात आनंदीआनंद झाला. मग कॉलेजकडून फीचा आणि वसतिगृहाचा आकडा आला आणि तो आनंद जरा खाली बसला.

"शिष्यवृत्त्या असतात की ढिगाने," शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने सांगितलं. "हुशार मुलीला कोण नाही म्हणेल?"

कोण नाही म्हणेल, हे शोधण्यात तिचं अख्खं वर्ष गेलं.

शिष्यवृत्त्या खरंच ढिगाने होत्या. जहाजावर काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी एक होती. खेळाडूंसाठी होत्या. आई किंवा वडील वारले असतील तर एक बरी होती, दोघंही वारले असतील तर आणखी बरी. परिचारिका होणाऱ्यांना, हिशेबनीस होणाऱ्यांना, यंत्रं शिकणाऱ्यांना कुणी ना कुणी द्यायला तयार होतं. गणित शिकणाऱ्याला मात्र सगळे एकच प्रश्न विचारायचे, की ते शिकून पुढे काय? एका डावखुऱ्या व्यापाऱ्याने फक्त डावखुऱ्या मुलांसाठी पैसे ठेवले होते. ते ऐकून आई शिलाई मशीनवरून मान न वळवता म्हणाली, "मग शिक की डाव्या हाताने लिहायला. एवढं अवघड गणित येतं तुला, हे काय जड आहे?" प्रोफेसरने हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर वाकडीतिकडी अक्षरं दिसली. गळ्याशी आलं की माणूस काय काय करून बघतो.

एका संस्थेला निबंध हवा होता. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या संघर्षाबद्दल लिहा, असं त्यांचं म्हणणं. प्रोफेसर एक आख्खा रविवार कोरा कागद घेऊन बसली. तिला काही सुचेना. आई होती, बाबा होते, दोघं एकमेकांवर कुरकुरायचे आणि एकमेकांशिवाय चहा घ्यायचे नाहीत. कुणी दारू पीत नव्हतं, कुणी घर सोडून गेलं नव्हतं. शेवटी तिने एका प्रमेयावर लिहिलं. त्याने तिला महिनाभर झोपू दिलं नव्हतं आणि एके सकाळी दात घासताना ते सुटलं. तो निबंध तिने फार मनापासून लिहिला होता. निवड झाली एका मुलाची, ज्याच्या घराला आग लागली होती. त्याच्यावर रागावणार तरी कसं?

आणि उत्पन्नाचा दाखला! तिथे तर बाबांच्या धंद्यानेच घात केला. नोकरी असती तर पगाराची पावती जोडता आली असती. पण ज्याचं स्वतःचं दुकान, तो त्या कचेरीच्या लेखी उद्योजक. खिडकीतल्या कारकुनाने तिला वार्षिक उलाढाल विचारली आणि लेखापरीक्षकाचा शिक्का मागितला. "माझे बाबा सोफे शिवतात," ती म्हणाली. "कारखाना म्हणा मग," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे बघू लागला. हा शिक्का मिळेपर्यंत दुसऱ्या कुठल्या तरी दाखल्याची मुदत संपायची, तो नवा काढेपर्यंत शिक्का जुना व्हायचा. संगणकाचं तर विचारूच नका. सगळं भरून शेवटचं बटण दाबलं की ते यंत्र तिला पहिल्या पानावर आणून सोडायचं. गल्लीतल्या इंटरनेट दुकानाचा मालक तिला बघितलं की आपणहून कोपऱ्यातली खुर्ची पुसून द्यायला लागला, एवढी ती तिथे पडीक असायची.

अशी सगळीकडून हात हलवत परत आल्यावर एकच दार उरलं होतं. एका जुन्या कापड व्यापाऱ्याच्या नावाचा ट्रस्ट होता. कुठल्याही विषयाला, फी आणि वसतिगृह दोन्ही, शेवटच्या वर्षापर्यंत. दरवर्षी मोजक्या मुलांना. लेखी परीक्षा झाली, तोंडी परीक्षा झाली, दोन्हींत प्रोफेसर पहिली आली. आता फक्त ट्रस्टकडून कुणीतरी घर बघायला येणार होतं, आणि कधी ते सांगणार नव्हते. हे मिळालं तर कॉलेज, नाही तर गल्लीच्या टोकाच्या दुकानात बिलं फाडायची नोकरी, हे घरात तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

त्याच सुमाराला बाबांना मोठं काम मिळालं. स्टेशनजवळच्या हॉटेलाने आपल्या दर्शनी दालनातलं सगळं सामान नव्याने मढवायला दिलं. त्यातला लांबलचक सोफा तयार होऊन मधल्या खोलीत उभा होता. लाल मखमल, कडेने सोनेरी दोरी, बसलं की माणूस अलगद खाली जाईल आणि तितकाच अलगद वर येईल अशा स्प्रिंगा. बाबांनी त्याच्यावर चादर पांघरली होती आणि ते येता-जाता ती जरा वर करून बघायचे. आई म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं बघितलं नाहीत!"

आणि नेमक्या त्या दिवसांत, एका सकाळी, दुकानाच्या पायरीवर एक वयस्कर बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. केस पांढरे, खांद्याला कापडी पिशवी, आवाज शाळेत पोरं गप्प करून करून कमावलेला. "मी ट्रस्टकडून आले," त्या म्हणाल्या. पायरी चढताना त्यांचा गुडघा धरला, आणि बाबांनी ते बघितलं.

पुढे जे झालं ते प्रोफेसर जन्मात विसरणार नाही. बाबांनी बाईंना मधल्या खोलीत आणलं. इकडे स्टूल होतं, त्याचा एक पाय आखूड. तिकडे दुसरं होतं, त्याच्यावर डिंकाचा डबा. बाबा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी हात पुढे केला, लाल सोफ्यावरची चादर ओढून काढली आणि म्हणाले, "बसा ना, बाई. आरामात बसा."

प्रोफेसरने आ वासला. आई स्वयंपाकघराच्या दारात थिजली. बाई बसल्या, अलगद खाली गेल्या, आणि त्यांच्या तोंडून आपसूक "अहाहा!" निघालं. त्यांनी मखमलीवरून हात फिरवला. "सुरेख आहे हो. नवा आहे?"

"नुकताच झाला तयार," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "जरा मागे टेका. पाठीला कुठे टोचतंय का बघा. नाही ना?"

आता सांगतील, आता सांगतील, म्हणून प्रोफेसर वाट बघत राहिली. सोफा हॉटेलचा आहे, एवढं एक वाक्य. बाबा सांगेनात. आपण मध्येच बोललो तर बाबांची शोभा होईल असं तिला वाटलं. तेवढ्यात आईने तिच्या हातात सुटे पैसे कोंबले आणि कोपऱ्यावरून बिस्किटं आणायला पिटाळलं. ती धावतच गेली, धावतच आली. तोवर बाई उठल्या होत्या, बाबा त्यांना पायरी उतरायला हात देत होते आणि बिस्किटांचा पुडा तसाच राहिला.

आठवडाभराने फोनवर निरोप आला. आधी प्रोफेसरने तो मनातल्या मनात वाचला, मग मोठ्याने. "पालक स्वतः शिक्षणाचा भार उचलण्यास समर्थ असल्याचे आढळल्याने आपला विचार करता येत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ती कारकुनांशी, यंत्रांशी, कुणाकुणाशी गोड बोलली होती. तो सगळा राग एकदम घरच्या माणसावर निघाला.

"समर्थ! एवढे श्रीमंत कधी झालो आपण, बाबा?"

बाबांनी तोंडातले खिळे काढले. "त्यांचा पाय दुखत होता गं."

"मग सांगायचं ना, सोफा आमचा नाही, हॉटेलचा आहे!"

"सांगितलं असतं तर त्या उठल्या असत्या."

"उठू द्यायचं होतं! मखमलीच्या सोफ्यावर बसवून वर मागायला कशाला जायचं? त्या काय समजल्या असतील? एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"अगं, हळू," आई म्हणाली. "बाप आहे तो तुझा."

बाबांनी खिळे परत तोंडात धरले आणि खुर्चीकडे वळले. पुढचे दोन खिळे वाकडे गेले. एरवी त्यांचा महिन्यात एक जात नाही.

प्रोफेसर रडून-बिडून मोकळी झाली आणि तिला उपाय सुचला. हॉटेलकडून लेखी आणायचं, की सोफा त्यांचा आहे. सोफा एव्हाना हॉटेलात पोचला होता. ती गेली तेव्हा तो दालनाच्या मधोमध दिमाखात मांडलेला होता. "बसा, साहेब येतायत," काउंटरवरचा माणूस म्हणाला. ती बसली, आणि सवयीने चटका बसल्यासारखी उठली. मग उभीच राहिली.

हॉटेलचे मॅनेजर गोरेगोमटे, घाईतले गृहस्थ होते. त्यांना पत्राचं नाव काढताच संशय आला. "कशासाठी हवंय? कर खात्याचं काही आहे का?"

तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि ते आणखीच अस्वस्थ झाले. "म्हणजे आमच्या हॉटेलातला सोफा दुरुस्त केलेला आहे असं मी लेखी देऊ? पाहुण्यांना आम्ही नवा म्हणून सांगतो!"

"मग नवा म्हणून लिहा," प्रोफेसर म्हणाली. "फक्त तुमचा आहे एवढं लिहा."

हे त्यांना पटलं. बरीच खाडाखोड होऊन पत्र तयार झालं. सदर आलिशान सोफा हॉटेलच्या मालकीचा असून तो नियमित निगेसाठी कारागिराकडे पाठवण्यात आला होता, असं त्यात होतं. खाली सही, शिक्का. प्रोफेसरला वर्षभरात एका खेपेत मिळालेला हा पहिला शिक्का. तिने तो कागद पुस्तकात सपाट ठेवला आणि तशीच ट्रस्टच्या कचेरीत गेली.

कचेरी चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. उंच कपाटं, करकरणारा पंखा, आणि टेबलामागे त्याच बाई, दुखरा पाय एका चौरंगावर ठेवून. प्रोफेसरने पत्र पुढे केलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सोफा कुणाचा, नियम काय, बाबांनी तो का मोडला.

बाईंनी तिला संपवू दिलं. मग पत्र न उघडताच तिच्याकडे परत सरकवलं.

"बाळ, तुमच्या दुकानावर पाटी आहे हातभर. सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात सोफा दिसला म्हणून मी त्याला सावकार समजेन होय? आणि मी बसले होते तेवढा वेळ तुझे बाबा त्या सोफ्याला एक बोटही न लावता उभे होते. स्वतःच्या सोफ्यापुढे कोण असं उभं राहतं? सोफ्याबद्दल मी चकार शब्द लिहिलेला नाही."

प्रोफेसरला काही समजेना. "मग समर्थ कशावरून?"

"मी त्यांना एक प्रश्न विचारला. प्रत्येक घरात विचारते, ट्रस्ट ज्यांनी काढला त्यांचाच तो दंडक आहे. आम्ही पैसे दिले नाहीत, तर मुलीचं काय कराल? तू बाहेर गेली होतीस तेव्हा." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते म्हणाले, 'शिकवीन. काय वाट्टेल ते करीन, पण शिकवीन.' मी परत विचारलं, नक्की? तर म्हणाले, 'बाप आहे मी तिचा. मी नाही शिकवणार तर कोण?'"

पंखा करकरत होता. प्रोफेसर हातातल्या पत्राकडे बघत राहिली.

"जो म्हणतो मी शिकवीन, त्याचं नाव मागे. जो म्हणतो माझ्याच्याने होत नाही, त्याचं पुढे. असा नियम आहे," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज शाळेतला नव्हता. "मला तो फार आवडतो अशातला भाग नाही. पण माणसाचा शब्द खरा धरायचा नाही, तर मग काय लोकांच्या घरातली भांडी मोजत फिरायचं? यादी सोमवारी संध्याकाळी कायम होईल. त्याआधी त्यांनी इथे येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर मी लिहिलेलं बदलता येईल. तू सांगून चालणार नाही."

प्रोफेसर घरी निघाली. वर्षभर कुणावर तरी चिडायची तिला सवय झाली होती आणि आता चिडायला कुणी उरलं नव्हतं. ज्या माणसाला एवढंही कळत नाही म्हणून ती ओरडली होती, त्याने तिच्यासाठी एका परक्या बाईसमोर छाती पुढे काढली होती. तेच तिच्या आड आलं होतं, आणि आता तिनेच जाऊन त्याला सांगायचं होतं की बाबा, तो शब्द परत घ्या. कारकुनाच्या खिडकीपुढे दिवस काढणं सोपं वाटावं असं ते काम होतं.

आई मागे भाजी निवडत होती. प्रोफेसर दुकानातच थांबली आणि हलक्या आवाजात, जमिनीकडे बघत, तिने बाबांना सगळं सांगितलं.

बाबा एका खुर्चीच्या कडेची दोरी बोटाने दाबू लागले.

"म्हणजे मी खोटं बोललो असं म्हणतायत का त्या?"

"नाही, बाबा. खरं धरलं त्यांनी. तोच घोटाळा झालाय."

"मग खरंच आहे ते. शिकवलं असतं मी."

"कसं?"

बाबांनी एकदा मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मशीन आहे. जागेचंही कुणाशी तरी बोललो असतो."

शिलाई मशीनवर आई बसायची. सगळी कुशनं, सगळ्या खोळी तिच्या हातच्या. मशीन गेलं तर धंदा किती दिवस चालेल, हे काढायला गणित लागत नव्हतं.

"पहिलं वर्ष झालं असतं, बाबा," प्रोफेसर म्हणाली. "पुढची?"

"होतं गं काहीतरी."

"काय होतं?"

इतकी वर्षं तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला बाबांनी काहीतरी उत्तर दिलं होतं, येत नसलं तर बनवून दिलं होतं. या वेळी ते नुसते उभे राहिले. तिला वाटलं, आपण हे विचारायलाच नको होतं.

"पोरीच्या शिक्षणाला मी पुरा पडत नाही, असं बापाने जाऊन सांगायचं," शेवटी ते म्हणाले. ते तिला म्हणत होते की स्वतःला, कळलं नाही. मग त्यांनी हात झटकले. "यातलं काही आईच्या कानावर घालू नकोस. मशीनचं तर मुळीच नाही. सोफ्याचं पत्र द्यायला जातोय म्हणून सांग."

सोमवारी बाबांनी दुकान बंद ठेवलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. आईने दारापर्यंत येऊन त्यांची कॉलर नीट केली. चष्म्याच्या दुकानाशी आल्यावर प्रोफेसर म्हणाली, "मी खाली थांबते. तुम्ही जाऊन या."

तिला ते ऐकायचं नव्हतं, आणि त्यांनाही ते आपल्यासमोर म्हणायला लागू नये असं तिला वाटत होतं. बाबा दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"नको. चल तू पण," ते म्हणाले. "तुझ्या माघारी बोललो तेच खूप झालं."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. मग त्यांनी सुरुवात केली ती धंद्यापासून. हल्ली लोक दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात आणि नवं आणतात. तरी हॉटेलचं काम आलं, अशी कामं येतात मधूनमधून. फोम महागला. पण हाताला काम आहे, तशी काही ओढाताण नाही... ओढाताण नाही म्हटल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि ते थांबले. बाई पेन हातात धरून शांत बसल्या होत्या. त्यांनी मध्ये एक शब्द घातला नाही. ते बरं केलं की वाईट, हे प्रोफेसरला अजूनही ठरवता आलेलं नाही.

"मी परत विचारते," बाई हळूच म्हणाल्या. "आम्ही पैसे दिले नाहीत, तर मुलीचं काय कराल?"

बाबांनी प्रोफेसरकडे बघितलं नाही. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिथला पत्रा जरा उचकटला होता आणि त्यांचा अंगठा आपोआप तो दाबून बसवू पाहत होता.

"मला नाही जमणार, बाई," ते म्हणाले. "माझ्याच्याने हिचं शिक्षण होणार नाही. मी पुरा पडत नाही."

बाईंनी लिहिलं. एवढ्याशा वाक्याला लिहायला किती वेळ लागतो! मग त्यांनी कागद फिरवून पुढे केला आणि बाबांनी सही केली. "फी आणि वसतिगृहाचं पहिल्या तारखेच्या आत भरलं जाईल," बाई म्हणाल्या. "अभिनंदन, बाळ." बाबांनी हात जोडले आणि मोठे उपकार झाले म्हणाले. प्रोफेसरही काहीतरी म्हणाली. जे मिळावं म्हणून ती वर्षभर झुरली होती ते मिळालं होतं, आणि आनंद कसा करायचा ते तिला आठवेना.

जिन्यात बाबा पुढे होते. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "आता नक्की ना? परत काही निघणार नाही ना?"

"नक्की, बाबा."

"मग झालं तर."

रस्ताभर ती त्यांच्या शेजारून चालली. दोनदा तिला म्हणावंसं वाटलं, की तुम्ही आधी म्हणालात तेच खरं, मला ठाऊक आहे. पण ते म्हटलं असतं तर दोघंही रस्त्यात रडले असते, म्हणून तिने त्यांचा हात तेवढा धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

आई दुकानाच्या पायरीवरच उभी होती. दोघांचे चेहरे बघून ती एक पायरी खाली आली. "मिळाली," असं प्रोफेसर म्हणाली तेव्हा आईने तिला ओढून पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, मग डोळे पुसले, मग पुन्हा धरलं. चहा टाकते म्हणाली आणि न टाकता तिथेच उभी राहिली.

"अगं, पण त्या बाई एवढ्या कडक," आईने विचारलं. "त्यांना पटलं कसं?"

"बाबा बोलले त्यांच्याशी," प्रोफेसर म्हणाली.

आईचा चेहरा उजळला. ती कौतुकाने नवऱ्याकडे वळली. "बघा! तुम्ही एकदा नीट बोललात की समोरच्याची नाही म्हणायची टाप आहे का?"

"हो," बाबा म्हणाले, आणि तोंड धुऊन येतो म्हणून आत गेले. बराच वेळ नळ चालू होता.